खेळणार मूल, पैसे देणार कोण?

मागच्या दिवाळीत माझी सात वर्षांची भाची मांडीवर बसून माझ्या मोबाइलवर बेरजांचा एक खेळ खेळत होती. पाच-सहा गणितं तिने पटापट सोडवली. मग पडद्यावरचं सशाचं पिल्लू रडायला लागलं. त्याला राहायला घर नव्हतं आणि घराची किंमत होती १९९ रुपये.

"मामा, अंगठा लाव ना तुझा."

मी नाही म्हणालो. मग पिल्लाबरोबर भाचीही रडायला लागली. ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय केलंस रे तिला?" मी म्हणालो, "काही नाही, गेममध्ये हरली."

खरं तर तसलं रडकं पिल्लू मी स्वतः बनवलेलं आहे. त्या खेळातलं नाही, दुसऱ्या एका खेळातलं. इंजिनिअरिंगनंतरची माझी दुसरी नोकरी मुलांना ऑनलाइन खेळातून शिकवणाऱ्या एका कंपनीत होती. खेळ थांबतो तिथे दाखवायला आम्ही दोन स्क्रीन तयार केल्या. एकीत ते पात्र हसत हात हलवायचं. दुसरीत त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि खाली पैसे भरायचं बटण असायचं. अर्ध्या मुलांना पहिली दाखवली, अर्ध्यांना दुसरी. दुसरीने जास्त पैसे आणले. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ती नोकरी सोडून आता वर्ष झालं. सध्या शनिवार-रविवारी मी आणि माझा कॉलेजचा मित्र पाढ्यांचा एक छोटा ऑनलाइन खेळ बनवतोय. पावकी-निमकीसुद्धा आहे त्यात. खेळ जमलाय, मुलांना आवडतोय. अडलंय ते एकाच ठिकाणी. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं, मित्राला घरी पैसे द्यावे लागतात आणि पदरमोड किती दिवस करायची? या खेळातून पैसे मिळवायचे कसे?

उत्तर शोधता शोधता मी या धंद्याचा इतिहास वाचत गेलो. आपल्याला वाटतं हे सगळं नवीन आहे. तसं नाही. पन्नासेक वर्षांत जवळजवळ प्रत्येक वाट कोणी ना कोणी चालून पाहिली आहे. ती गोष्ट सांगतो.

घंटा झाली की खेळ संपला

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरात. साल १९७१. डॉन रॉविच हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी शिक्षकाचं प्रशिक्षण म्हणून आठवीला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली हजारो कुटुंबं बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेला ऑरेगनकडे गेली, तो धडा त्याला घ्यायचा होता. त्यासाठी तो नकाशावर सोंगट्या आणि पत्ते असा बैठा खेळ तयार करत होता. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हेही शिकाऊ शिक्षकच होते, पण गणिताचे, आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येत होतं. ते म्हणाले, हे कम्प्युटरवर करूया. सुमारे दोन आठवड्यांत 'द ऑरेगन ट्रेल' तयार झाला.

त्या कम्प्युटरला पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र फोनच्या तारेने दूरच्या कम्प्युटरला जोडलेलं असायचं. प्रश्न कागदावर छापून यायचा आणि मुलं उत्तर टाइप करायची. ठराविक पैशांतून बैल किती घ्यायचे, धान्य किती, गोळ्या किती? शिकार करायची असेल तर बंदुकीच्या आवाजाचा शब्द पटकन टाइप करायचा. ३ डिसेंबर १९७१ ला वर्गाने तो पहिल्यांदा खेळला. सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला आणि कम्प्युटरवरून पुसून टाकला.

१९७३ मध्ये मिनेसोटा राज्याने शाळांना कम्प्युटर पुरवण्यासाठी एक सार्वजनिक संस्था काढली. नाव लांबलचक होतं, लोक तिला 'मेक' म्हणायचे. पुढच्या वर्षी रॉविच तिथे नोकरीला लागला. त्याने जपून ठेवलेला कागद काढला, सगळा प्रोग्रॅम पुन्हा टाइप केला आणि प्रवाशांच्या जुन्या डायऱ्या वाचून आजारपण, वादळं, चोऱ्या यांचं प्रमाण खऱ्याच्या जवळ आणलं. आमांशाने मरणं हा पुढे अमेरिकेतल्या एका पिढीचा विनोद झाला, त्याचं मूळ या खेळात आहे.

यात पैसा कोणाचा होता? करदात्यांचा. मिनेसोटातल्या शाळांना खेळ मिळायचा तो सरकारी व्यवस्थेचा भाग म्हणून. १९७८ मध्ये मेकने ॲपल टू हा छोटा कम्प्युटर शाळांसाठी निवडला आणि काही वर्षांत ती शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमधली मोठी संस्था झाली. मग तिने कमाईची एक साधी पद्धत काढली. राज्याबाहेरच्या शाळांनी वर्षाला ठराविक रक्कम भरायची आणि फ्लॉपींच्या हव्या तेवढ्या प्रती आपल्या आपण काढायच्या. एका जिल्ह्याची एक पावती आणि त्या जिल्ह्यातली सगळी मुलं खेळायला मोकळी.

हे वाचताना माझ्या प्रोग्रॅमर डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. शाळेने पैसे भरलेला खेळ तासाची घंटा झाली की थांबतो. मुलाने दहा मिनिटं जास्त खेळावं म्हणून बनवणाऱ्याला एक पैसाही जास्त मिळत नाही. त्यामुळे रडकं पिल्लू कोणाला सुचतच नाही. सुचलं तरी उपयोग नसतो.

इथून पुढची सगळी गोष्ट मी याच प्रश्नाने वाचली: हा खेळ संपला तर नुकसान कोणाचं?

खोक्यातला खेळ

ऐंशीच्या दशकात कम्प्युटर घरात आला आणि पैसे देणारा बदलला. आता शाळेऐवजी आई-बाप दुकानात जाऊन खोकं विकत घेऊ लागले. १९८३ मध्ये जॅन डेव्हिडसन या शिक्षिकेच्या कंपनीचा 'मॅथ ब्लास्टर' आला. १९८५ मध्ये ब्रोडरबंड कंपनीचा 'व्हेअर इन द वर्ल्ड इज कार्मेन सँडिएगो?' आला. यात एका चोरणीचा देशोदेशी पाठलाग करायचा असतो. खेळाच्या खोक्यातच 'वर्ल्ड अल्मनॅक' हा माहितीचा जाडजूड ग्रंथ दिलेला असायचा. धागादोरा उलगडायचा तर पान उघडून कुठल्या देशाचं चलन कुठलं ते बघावं लागे. म्हणजे खेळ सोडून पुस्तकाकडे वळणं हाच खेळाचा भाग होता. आज एखाद्या प्रॉडक्ट मॅनेजरला सांगून बघा, की आपल्या ॲपमधून मुलाला उठवून पुस्तकाच्या कपाटाकडे पाठवूया!

तेव्हा हे परवडत होतं, कारण पैसे आधीच मिळालेले असत. मुलाने खेळ दहा दिवस खेळला काय किंवा दहा महिने, कंपनीच्या गल्ल्यात फरक पडत नसे. खेळ चांगला निघाला तर आई-बाप शेजाऱ्याला सांगत, एवढाच हिशेब.

पण खोक्याचाही एक दोष होता. विकत घेणारा खेळ खेळून बघत नाही, खोकं बघतो. ही गोष्ट ज्याला सगळ्यात आधी नीट कळली त्याला तुम्ही ओळखता. अमेरिकेतल्या 'शार्क टँक'मधला टक्कल असलेला, तिखट बोलणारा शार्क, केव्हिन ओ'लिअरी. त्याच्या सॉफ्टकी या कंपनीचं सूत्र सोपं होतं: स्वस्त सीडी, दुकानात जास्तीत जास्त जागा आणि नवीन संशोधनावर कमीत कमी खर्च. चांगले खेळ बनवण्याऐवजी चांगले खेळ बनवणाऱ्या कंपन्याच विकत घ्यायच्या.

इथे मेकची गोष्ट पुन्हा येते. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने मेक एका गुंतवणूक फंडाला ५२.५ लाख डॉलरला विकली. १९९४ मध्ये ती शेअर बाजारात आली. १९९६ मध्ये सॉफ्टकीने ती सुमारे ३७ कोटी डॉलरला घेतली. पाच वर्षांत सत्तर पट! ज्या तिघांनी दोन आठवड्यांत तो पहिला खेळ लिहिला, त्यांना या रकमेतून एक डॉलरही मिळाला नाही.

त्याच सुमारास सॉफ्टकीने 'द लर्निंग कंपनी' ही नावाजलेली कंपनी ६० कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतली आणि तिचंच नाव स्वतःला लावलं. १९९८ मध्ये कार्मेन सँडिएगोची ब्रोडरबंडही घेतली. १९९९ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने हा सगळा संसार सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतला. काही महिन्यांतच तोटा एवढा वाढला की फेब्रुवारी २००० मध्ये मॅटेलच्या प्रमुख जिल बॅरड यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी मॅटेलने ही कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात घातली, हातात रोख काही न घेता. पुढे कधी काही मिळालं तर त्यातला वाटा, एवढ्यावर.

ही कथा आपल्यालाही अनोळखी नाही. बायजूजने २०१९ मध्ये मुलांसाठी शैक्षणिक खेळ बनवणारी अमेरिकेतली ऑस्मो ही कंपनी १२ कोटी डॉलरला घेतली होती. २०२४ मध्ये बायजूज स्वतःच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. मुलांच्या शिक्षणाला बाजारात मोठी किंमत येते, पण त्या किमतीचा आणि मूल काय शिकलं याचा संबंध असतोच असं नाही.

दर महिन्याला थोडं थोडं

इंटरनेट आल्यावर खोकं गेलं. आता खेळ सतत चालू राहणार होता आणि त्याबरोबर सर्व्हरचा खर्चही. २००५ मध्ये कॅनडातल्या केलोना या छोट्या शहरातून 'क्लब पेंग्विन' सुरू झाला. तो शाळेचे धडे देणारा खेळ नव्हता, पण मुलांच्या ऑनलाइन खेळाने कसं कमवावं याचा तो एक धडा ठरला. बनवणाऱ्यांनी ठरवलं, की जाहिराती घ्यायच्या नाहीत. खेळायला फुकट, पण पेंग्विनला कपडे आणि इग्लूला सामान हवं असेल तर महिन्याला ५.९५ डॉलर.

२००७ मध्ये डिस्नेने तो ३५ कोटी डॉलरला घेतला, शिवाय कामगिरी चांगली झाली तर आणखी तेवढेच देण्याचं वचन दिलं. त्या वेळी खाती होती सुमारे १.२ कोटी आणि पैसे भरणारे सुमारे ७ लाख. म्हणजे शंभरातली सहा मुलं उरलेल्या चौऱ्याण्णवांचा खर्च उचलत होती. 'फुकट' या शब्दामागचं हे गणित आजही जवळपास असंच चालतं.

वर्गणीत एक प्रामाणिकपणा आहे. खेळ कंटाळवाणा झाला की आई-बाप पैसे बंद करतात. पण दर महिन्याला काहीतरी नवीन द्यावं लागतं आणि वर्गणी भरणारं मूल न भरणाऱ्या मुलापेक्षा वेगळं दिसावं लागतं. नाहीतर भरेल कोण? टोपीवाला पेंग्विन आणि बिनटोपीचा पेंग्विन. मुलांना हा फरक आपल्याआधी कळतो. २०१७ च्या मार्चमध्ये डिस्नेने तो मूळ खेळ बंद केला.

हाच प्रश्न पुढे गणिताच्या खेळात आला. कॅनडाचाच 'प्रॉडिजी' हा खेळ शाळांना फुकट मिळतो आणि कमाई घरच्या वर्गणीतून होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी सरकारकडे तक्रार केली, की खेळात वर्गणीची जाहिरात सारखी मुलांसमोर येते आणि वर्गणी न भरणाऱ्या मुलांना कमीपणा वाटतो. शिकवणारा सगळा भाग फुकटच आहे, असं कंपनीचं म्हणणं. दोघांचंही खरं असू शकतं, म्हणून मला हे उदाहरण जास्त टोचतं. गणित सगळ्यांना सारखंच मिळतं, पण वर्गात कोणाच्या घरी पैसे आहेत हेही सगळ्यांना दिसतं.

अंगठा लाव ना

२००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आलं आणि २००९ मध्ये खेळाच्या आत खरेदी करायची सोय. आता खेळ फुकट डाउनलोड होणार आणि पैसे आत मोजले जाणार. पन्नास वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे असं मला वाटतं. तोवर पैसे द्यायचे की नाही हा निर्णय दुकानात किंवा शाळेच्या ऑफिसात, मोठ्या माणसांमध्ये व्हायचा. आता तो खेळाच्या ऐन मध्यावर, मूल सगळ्यात गुंतलेलं असताना, मुलाच्या तोंडून होणार होता.

परिणाम लवकर दिसले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या एका मुलीने 'स्मर्फ्स व्हिलेज' या खेळात खोट्या बोरांवर १४०० डॉलरचं बिल केल्याची बातमी गाजली. एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे आणि हे आई-बापांना माहीत नसे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ॲपलने ग्राहकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायचं मान्य केलं.

जाहिरातींचा रस्ताही असाच अरुंद होत गेला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, हा अमेरिकेतला कायदा १९९८ चा, लागू झाला २००० मध्ये. तो मोडल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वयाची रेषा थेट अठरावर नेली. पालकांची पडताळता येणारी संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. कायद्यात काही सवलतींची सोय आहे, पण जाहिरातींवर जगायचं ठरवणाऱ्या नव्या माणसाने हा आकडा आधी वाचावा.

एक वाट अजून उरते, देणगीची. २०१८ मध्ये आलेलं 'खान अकॅडमी किड्स' पूर्ण फुकट आहे, जाहिरात नाही, खरेदी नाही. पण त्यासाठी मागे मोठी देणगीदार संस्था लागते. आमच्यामागे मित्राची सेकंडहँड स्कूटर आहे.

आमचा हिशेब

तर पन्नास वर्षांचा जमाखर्च मी माझ्यापुरता असा मांडला. शाळेने पैसे दिले तर खेळ घंटेला संपतो. आई-बापांनी एकदाच दिले तर खेळ शिकून झाल्यावर संपतो. वर्गणी असेल तर खेळ महिनाअखेरीच्या आत संपून चालत नाही. जाहिरात असेल तर तो कधीच संपून चालत नाही. आणि आतली खरेदी असेल तर तो नेमका मुलाला नको असेल तिथे अडतो.

पाढे मात्र संपणारी गोष्ट आहे. तीसपर्यंतचे पाठ झाले की झाले. आमचा खेळ चांगला असेल तर मूल काही महिन्यांत तो सोडून देईल, आणि तेच आमचं यश. असा खेळ वर्गणीवर चालवायचा म्हणजे मुलाला पाढे उशिरा येण्यावर आपलं पोट अवलंबून ठेवायचं. माझ्या मित्राला हे पटायला दोन चहा लागले. तो म्हणाला, "पण गुंतवणूकदाराला काय सांगायचं? आमचं गिऱ्हाईक आम्हाला सोडून जातं, म्हणून आम्ही चांगले?" मी म्हणालो, "शाळेचा धंदा तसाच असतो. दरवर्षी एक वर्ग पुढे जातो आणि नवीन वर्ग येतो."

शेवटी आम्ही मेकचीच जुनी पावती उचलली. शाळेने वर्षाला एकदा पैसे भरायचे, मग कितीही मुलं खेळोत. घरी हवा असेल त्याने एकदाच भरायचे, खेळ कायमचा त्याचा. स्टोअरचा वाटा त्यातूनच जाईल. ॲपल आणि गूगल दोघंही २०२१ पासून छोट्या डेव्हलपरकडून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर ३० ऐवजी १५ टक्के घेतात, आणि दहा लाख डॉलरची चिंता आम्हाला सध्या नाही. खेळाच्या आत विकायला काहीच नाही. पैशाचा शब्द मुलाच्या स्क्रीनवर येणार नाही, पालकांच्या किंवा शिक्षकांच्या पानावरच येईल.

यावर धंदा उभा राहील का? आतापर्यंत तीन शाळांनी पैसे भरलेत. त्यातल्या एका शाळेच्या बाई म्हणाल्या, "कम्प्युटर आठच आहेत, एकावर चार-चार मुलं बसतील. चालेल ना?" मला टेलिटाइपभोवती गर्दी करून बैल किती घ्यायचे यावर भांडणारी मिनियापोलिसची ती आठवीची पोरं आठवली. म्हटलं, "बाई, उत्तम चालेल."

आठ कम्प्युटरवर बत्तीस मुलं. जुन्या कंपनीत मी हा आकडा दाखवला असता तर पुढच्या मीटिंगला मला बोलावलंच नसतं.

मागच्या आठवड्यात भाचीला आमचा खेळ दिला. सातचा पाढा पूर्ण झाला तेव्हा पडद्यावरचं कासव म्हणालं, "झालं आजचं." तिने थोडा वेळ वाट पाहिली, आता काय मागतंय म्हणून. काहीच मागितलं नाही. मग मोबाइल माझ्या हातात देऊन ती खाली खेळायला पळाली.